कुठपर्यंत कळतंय

केरबा आबांनी सुई मागितली तेव्हा मला वाटलं, सदऱ्याचं बटण तुटलं असेल. मी डब्यातून सुई काढून दिली आणि दोराही शोधायला लागले.

"दोरा नको," ते म्हणाले. भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या नवऱ्यासमोर त्यांनी मांडी घातली. "आनंदा, हात कर पुढं. उजवा."

यांनी हात पुढं केला. आबांनी अंगठ्याच्या पेरात सुई टोचली. यांनी "आई गं" करून हात मागं घेतला आणि छातीशी धरून बसले.

"हे असं केलंस की सगळं संपलं," आबा म्हणाले. "बोर्डातला डॉक्टर हेच बघतो. तोंडावरची रेघ हलता कामा नये. आण परत."

आबा म्हणजे माझे थोरले दीर. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, नुकतेच रिटायर झाले होते. कुठल्या ऑफिसात कुठल्या टेबलाशी काय बोलायचं ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं, आणि यांच्यावर त्यांचा जीव होता. सासरे लवकर गेले, तेव्हापासून यांना त्यांनीच वाढवलं होतं.

हे शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा बसवून त्याच्या कडा हातानं साफ करायच्या, हे त्यांचं काम. एका दुपारी साखळीला टांगलेली साच्याची लोखंडी पेटी सुटली आणि खालच्या पेटीवर बसली. मध्ये यांचा उजवा हात होता. ऑपरेशन झालं, तारा घातल्या, काढल्या. बोटं मात्र तुटली नाहीत, पाचही राहिली. बघायला येणारा जो तो म्हणायचा, नशीब चांगलं.

पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जायचे, त्यामुळं दवाखान्याचा खर्च झाला नाही. उपचार चालू होते तोवर पगारातला बराचसा भाग विम्यातून मिळतही राहिला. घर ओढूनताणून चालत होतं. मग एक दिवस हे एकटेच दवाखान्यात जाऊन आले आणि म्हणाले, "उपचार संपले म्हणून लिहून दिलं. आता औषध न्हाई. राहिलेलं व्यायामानं येईल."

उपचार संपले, तसे पैसेही थांबले. आता बोर्ड बसणार होतं. तीन डॉक्टर हात बघणार, कमवायची ताकद शेकडा किती गेली ते ठरवणार आणि त्याप्रमाणं जन्मभराची पेन्शन. पण बोर्डाची तारीख कधी येईल ते कुणी सांगेना. विचारायला गेलं की, कळवू, एवढंच उत्तर. हे दिवस कसे काढायचे ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मी गांधीनगरला एका कापड दुकानात लागले. साड्यांच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. सकाळी जायची ते दिवे लागल्यावर यायची. किराणावाल्यानं उधारी देताना हात आखडता घेतला, तेव्हा गॅस बंद करून मी परत स्टोव्ह काढला. यांची मोटारसायकल विकली. विकायला दुसरं काहीच राहिलं नाही, तेव्हा माझं लक्ष रोहिणीकडं गेलं.

रोहिणी आमची एकुलती एक. मिरजेला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. मी एका रविवारी जेवताना म्हटलं, "तिला परत आणूया. माझ्याबरोबर दुकानात लागंल. फी भरायची कुठनं?"

पाण्याचा पेला समोर होता. यांनी उजवा हात पेल्याभोवती नेला, बोटं त्याला टेकवली आणि पेला उचलला. हात थरथरत होता, थोडं पाणी सांडलं, पण पेला तोंडापर्यंत गेला.

"बघ," हे म्हणाले. "येतंय हळूहळू. दिवाळीपर्यंत फौंड्रीत जातोय मी. पोरीला आणायचं नाव काढू नको."

अपघात झाल्यापासून मी रडले नव्हते. त्या दिवशी मोरीत जाऊन रडले.

त्यानंतर मी विषय काढला नाही. रोज दुकानातून आले की भाजी चिरून ठेवलेली असायची. सुरुवातीला कांद्याच्या फोडी वाकड्यातिकड्या, एक जाड, एक पातळ. पुढं पुढं नीट व्हायला लागल्या. कपडे वाळून घडी केलेले असायचे. मी सगळ्यांना सांगत सुटले की यांचा हात सुधारतोय. रोहिणीला फोनवर सांगितलं. दुकानात सांगितलं.

आणि आता आबा म्हणत होते, बोर्डापुढं हात मेल्यासारखा ठेवायचा.

"बरा होतोय तर बरा होतोय म्हणून सांगूया की," मी म्हटलं. "खोटं कशाला?"

"शालन, बरा होतोय म्हणून फौंड्री त्याला परत घेणार हाय काय?" आबा म्हणाले. "घेतली तरी झाडलोट करायला घेतील, आणि वर्षानं काढतील. बोर्डानं टक्के कमी लावले की लावले. ते जन्माला पुरत्यात. एक दिवस तोंड घट्ट ठेवायचं, एवढंच."

ते बोलले त्यात मला चूक काढता येईना. पण भीती जाईना. आबांनीच सांगितलं होतं, बोर्डात एक वयस्कर डॉक्टर असतात, गद्रे नावाचे. त्यांच्यापुढं कुणाचं नाटक चालत नाही. कंबर वाकत नाही म्हणणाऱ्या एका माणसाशी ते गप्पा मारत बसले, बोलता बोलता टेबलावरचं पेन खाली पडलं आणि त्या माणसानं चटकन वाकून उचलून दिलं. त्याला काही मिळालं नाही. आपलंही असंच झालं तर? वर खोटं बोलल्याची केस केली तर? विम्याचे पैसे तर जातीलच, आणि फौंड्रीतही नाव जाईल. मग रोहिणीचं काय?

मी यांना म्हटलं, "तुमच्या मनात काय हाय ते सांगा."

हे दाराबाहेर बघत होते. "आबा म्हणतोय तसं करूया," एवढंच म्हणाले.

आबा मग एक दिवसाआड यायचे आणि सुई टोचायचे. सुरुवातीला हे कळवळायचे. मग नुसताच ओठ दाबायला लागले. शेवटी शेवटी सुई रुतली तरी तोंडावर काही दिसायचं नाही. आबा खूश होते. मला तिथं बसवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसायची.

तारीख आली. बोर्ड पुण्याला होतं. आम्ही तिघं आदल्या रात्रीच्या एसटीनं निघालो आणि सकाळी दवाखान्यात पोचलो. बाहेरच्या बाकावर बरीच माणसं होती. एकाचा पाय गुडघ्यापासून नव्हता. एका बाईचा डोळा पट्टीखाली होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण जो आतून बाहेर यायचा त्याच्या तोंडाकडं सगळे बघायचे. आबा यांच्या कानाशी लागून सांगत होते, नाणं उचलायला लावतील, किल्ली फिरवायला लावतील, घाई करायची नाही, बोटं हलवायचीच नाहीत. हे मान हलवत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, हा आत जाऊन उघडा पडणार.

शिपायानं नाव पुकारलं. "बरोबर एकानंच यायचं," तो म्हणाला. आबा उठले होते. हे म्हणाले, "शालनला येऊ दे."

आत लांब टेबल होतं. तीन डॉक्टर बसले होते. मधले पिकल्या केसांचे, बारीक अंगाचे, ते गद्रे असणार हे मी ओळखलं. त्यांनी कागद चाळले, एक्स-रे उजेडात धरला आणि यांना समोर बसवलं. आवाज अगदी मऊ होता. मला त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी टेबलावर रुपयाचं नाणं ठेवलं. "चौगुले, हे उचला बघू."

यांनी हात नाण्यावर नेला. बोटं नाण्यावर नुसतीच पडून राहिली. मग यांच्या मानेची शीर फुगली. कपाळावर घाम आला, दातावर दात बसले, खांद्यापासून सगळा हात थरथरायला लागला. नाणं जागचं हललं नाही. मी मनात म्हणत होते, बास करा, एवढं करू नका, कळेल त्यांना. आबांनी सांगितलं होतं नुसतं गप्प बसायचं, आणि हे काय करताहेत. गद्रे डॉक्टर यांच्या हाताकडं बघतच नव्हते. ते यांच्या तोंडाकडं बघत होते.

"राहू द्या," ते म्हणाले.

हे थांबेनात. खुर्चीतून अर्धे उठले होते.

"चौगुले, राहू द्या."

मग किल्ली झाली, पेला झाला. पेला तर यांनी घरी माझ्यासमोर उचलला होता. इथं तो आडवा झाला आणि टेबलावरून गडगडत गेला. बाजूच्या डॉक्टरांनी पकडला. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसले होते.

गद्रे डॉक्टर उठून यांच्या बाजूला आले. "गाव कुठलं तुमचं?"

हे म्हणाले, "मूळ गाव राधानगरीकडं."

"अच्छा. मग भात असेल तिकडं. ती खिडकी बघा, त्या झाडाला काय म्हणतात तुमच्याकडं?"

हे खिडकीकडं बघायला लागले. बाहेर एक कडुनिंब होता. हे सांगत होते की आमच्याकडं डोंगरात कडुनिंब कमी, जांभूळ जास्त. आणि डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून सुई काढली. मला दिसत होती, यांना दिसत नव्हती. त्यांनी अंगठ्यात टोचली. मग पहिल्या बोटात. मधल्या बोटात टोचली तेव्हा रक्ताचा ठिपका वर आला. हे जांभळाचं सांगत होते. आवाजही हलला नाही. शेवटच्या बोटात तर सुई चांगली आत गेली, आणि हे म्हणत होते, जांभूळ पिकलं की गावात कुणाच्या घरी चूल पेटत नाही.

डॉक्टरांनी सुई ठेवली, कापसानं रक्त टिपलं. मग करंगळीखालचा एक डाग दाखवून विचारलं, "हा कसला?"

"तवा लागला," हे म्हणाले.

तवा कधी लागला ते मला माहीत नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडं वळले. मला वाटलं, झालं, आता मला विचारणार. ते म्हणाले, "बाई, यांना चुलीपाशी जपा. गरम भांडं हातात देऊ नका. भाजलं तरी यांना कळणार नाही."

हा सापळा आहे असंच मला वाटलं. मी मान खाली घालून "हो" म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं. कुठल्याही क्षणी मागून हाक येईल असं वाटत होतं. ती आली नाही.

बाहेर आबांना लांबूनच आमची तोंडं बघून काय ते कळलं असावं. ते हसत चहा आणायला गेले. आम्ही दवाखान्याच्या आवारात एका कट्ट्यावर बसलो. कितीतरी महिन्यांनी माझा श्वास मोकळा झाला होता.

"मला वाटलं न्हवतं तुम्हाला जमंल म्हणून," मी म्हटलं. "नाण्याच्या वेळी जरा जास्तच केलंसा. पण सुईच्या वेळी कमाल केलीसा. रक्त आलं तरी आवाज हलला न्हाई. लई दुखलं काय?"

हे माझ्याकडं बघत राहिले. मग हात उलटा करून बोटांकडं बघितलं. सुकलेले तांबडे ठिपके होते.

"सुई कधी टोचली?" हे म्हणाले.

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. यांचा स्वभाव चेष्टेचा होता. पण तोंड चेष्टेचं नव्हतं.

"तुम्ही झाडाचं सांगत होता तवा," मी म्हटलं. "चार वेळा."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी उपचार संपले म्हणून लिहून दिलं, त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की नसा मेल्यात, बोटं आता हलणार नाहीत. हे तसेच घरी आले आणि मला व्यायामाचं सांगितलं. पेला उचलला तो ताठ बोटांच्या आधारानं, आणि मी जेवत होते त्या बाजूनं दिसणार नाही असा डावा हात खाली धरून. तशी तालीम आधी दुपारभर केली होती. भाजी डाव्या हातानं चिरायचे. फोडी नीट यायला लागल्या, कारण डावा हात शिकत होता.

"आणि आबा टोचायचे तवा ओरडत होता ते?"

"तवा सुई दिसत हुती मला," हे म्हणाले. "बघून ओरडायचो. मग हळूहळू ओरडायचं बंद केलं. आबाला वाटलं, तयारी झाली."

"असं का केलंसा?"

"तू पोरीला परत आणशील, हे मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं."

हे नाण्याच्या बाबतीत आपणहून बोलले. आवाज अगदी खाली गेला होता. "मी नाटक केलं न्हाई, शालन. नाणं खरंच उचलत होतो. आबानं सांगितलं ते सगळं इसरलो. मनात आलं, एवढे तीन डॉक्टर बसल्यात, आज तरी येईल."

आबा चहाचे तीन कप सांभाळत आले. "आनंदा, नाव काढलंस," म्हणाले. यांनी कप डाव्या हातात घेतला. मग मीच सांगितलं. सांगताना मी आबांकडं बघत नव्हते. माझं सांगून झालं तरी ते उभेच होते. हातातला कप त्यांनी कट्ट्यावर ठेवला. जो माणूस कुठल्याही टेबलासमोर गप्प बसला नाही, तो भावाच्या शेजारी बसला, त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि सदऱ्याच्या टोकानं ते रक्ताचे ठिपके पुसत राहिला. बराच वेळ पुसत होते. एवढंच म्हणाले, "मी तुला एवढे दिवस टोचत हुतो रे."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. बोर्डाचा निकाल यायला पावसाळा उलटला. टक्के चांगले लागले, मागची थकबाकी मिळाली आणि पेन्शन चालू झाली. ती पगाराएवढी नव्हती, पण महिन्याच्या महिन्याला येते, आजही येते. फौंड्रीनं यांना परत घेतलं नाही. आबांनी ओळखी काढून एका वजनकाट्यावर पावत्या लिहायचं काम मिळवून दिलं. यांनी डाव्या हातानं अक्षर घोटलं. मी दुकान सोडलं नाही. रोहिणीच्या मधल्या एका वर्षाची फी आबांनी भरली आणि परत घ्यायला कधी तयार झाले नाहीत. ती आता मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. पण त्या दिवशी यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की हात गेला आहे आणि पोरीला ते सांगायचं आहे.

हे म्हणत होते, इतक्यात सांगायला नको. तिची परीक्षा होऊ दे. मी म्हटलं, "पुरे झालं आता. मला फसवलं तेवढं बास." आमचं असं चाललं असताना आबा उठून गेले आणि थोड्या वेळानं आले. त्यांनी बूथवरून हॉस्टेलला फोन केला होता. "रोहिणी मिरजेच्या स्टेशनावर येतीया," म्हणाले. "काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

दुपारच्या रेल्वेगाडीत बसलो. साताऱ्याच्या पुढं डोंगर लागले, कऱ्हाडला उसाच्या गाड्या दिसल्या. आबांनी पेरू घेतले होते. ते कापून यांच्या डाव्या हातात फोडी देत होते, आणि हे खात होते. सांगली गेली तशी यांनी उजवा हात सदऱ्याच्या आत घातला.

मिरजेला गाडी बराच वेळ थांबते. उन्हं उतरली होती. रोहिणी प्लॅटफॉर्मवर डबे शोधत धावत येत होती, अंगावर कॉलेजचा पांढरा ड्रेस तसाच. खिडकीशी आली, गजांना धरून उभी राहिली. आधी माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं.

"पप्पा, काय म्हणाले बोर्डात?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी मदतीला गेले नाही. आबा दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते.

यांनी सदऱ्यातून हात काढला आणि दोन गजांच्या मधून बाहेर दिला. "हे बघ," म्हणाले. "हे आता असंच राहणार, रोहिणी. येतंय म्हणत हुतो ते खरं न्हवतं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला. मग वर्गात शिकवलं असेल तसं अंगठ्याचं टोक दाबलं.

"डोळे मिटा पप्पा. इथं कळतंय?"

"न्हाई."

तिनं पुढचं बोट दाबलं. "इथं?"

"न्हाई."

एकेक बोट झालं. मग तळवा. हे प्रत्येक वेळी नाही म्हणत होते, आणि प्रत्येक नाहीबरोबर त्यांचा आवाज मोकळा होत होता, जणू फार दिवसांनी कुणीतरी खरं विचारत होतं. गार्डची शिट्टी झाली. रोहिणी हात सोडायला तयार नव्हती. गाडीनं धक्का दिला तशी ती खिडकीबरोबर चालायला लागली, आणि चालता चालता तिची बोटं मनगटाच्या वर सरकली.

"इथं?"

यांचे डोळे मिटलेलेच होते.

"व्हय," हे म्हणाले. "इथं कळतंय."

"मग इथनं धरते," ती म्हणाली, आणि प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तिथंच धरून चालत राहिली.